लिनक्सची निवड : कामाची गरज आणि मूल्यांची कसोटी

(पालक, शिक्षक आणि सेवाभावी संस्थांचे कार्यालयीन काम पाहणारे कार्यकर्ते यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय संगणक अभियंत्यांचा आहे, असे सकृद्दर्शनी वाटेल. तो तेवढ्यापुरताच असता, तर मी तो आपल्यासमोर मांडला नसता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित पाठिंबा थांबवला आणि हा विषय थेट आपल्या घरात, शाळेच्या संगणक कक्षात आणि संस्थेच्या कार्यालयात येऊन उभा राहिला. विंडोज ११ साठी विशिष्ट सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सुस्थितीत चालणारे असंख्य संगणक एका दिवसात कागदोपत्री म्हातारे झाले. पडदा उत्तम आहे, कळफलक उत्तम आहे, काम नेहमीप्रमाणे होते आहे. तरीही यंत्र भंगारात काढायचे काय? देणगीच्या पैशांवर चालणाऱ्या संस्थेपुढे हा प्रश्न फार गंभीर आहे.

अशा वेळी कोणीतरी सुचवतो, ‘लिनक्स टाका.’ सल्ला चांगला आहे, पण अपुरा आहे. लिनक्स नावाची एकच एक वस्तू मिळत नाही. डेबियन, उबुंटू, मिंट, फेडोरा, ओपनसुसे, आर्च, आपल्याकडचे बॉस अशी शेकडो वितरणे आहेत. त्यांतले कोणते घ्यावे, हे ठरवताना दोन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, माझे काम काय आहे? दुसरा, ही प्रणाली ज्यांच्या हाती आहे, त्यांची बांधिलकी कशाशी आहे? पहिला प्रश्न सगळेच विचारतात. दुसरा सहसा कोणी विचारत नाही आणि त्याची किंमत काही वर्षांनी मोजावी लागते.

एकच जिन्नस, निरनिराळे मसाले

थोडा इतिहास पाहू. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली कोणत्याही कामासाठी वापरण्याचे, तिची मूळ संहिता अभ्यासून बदलण्याचे, तिची प्रत दुसऱ्याला देण्याचे आणि आपण केलेली सुधारणा वाटण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असावे, ही त्यांची भूमिका होती. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहून सर्वांसाठी खुला केला आणि १९९२ साली तो जीएनयूच्या सार्वजनिक परवान्याखाली आणला. हा गाभा आणि जीएनयूची साधने एकत्र आली आणि पूर्ण कार्यप्रणाली उभी राहिली.

येथे एक भेद मनात पक्का केला पाहिजे. ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे दोन शब्द समानार्थी नाहीत. मोफत मिळालेली वस्तू देणारा उद्या परत मागू शकतो, तिचे दाम लावू शकतो. मुक्त आज्ञावलीत परवान्याने दिलेला अधिकार काढून घेता येत नाही. लिनक्समुळे पैसे वाचतात हे खरे. पण त्याचे मोल केवळ त्यात नाही.

मग वितरण म्हणजे काय? गोडा मसाला घराघरांत होतो. धणे, खोबरे, तीळ, दगडफूल हे जिन्नस सगळीकडे बहुतेक सारखेच असतात. पण प्रमाण, भाजण्याची तऱ्हा आणि निवडण्या-पाखडण्यातली काळजी घरागणिक वेगळी असते. तसेच येथे आहे. गाभा एकच, पण त्यावर कोणत्या आज्ञावल्या द्यायच्या, त्या किती पारखून द्यायच्या, किती वर्षे सांभाळायच्या आणि निर्णय कोणी घ्यायचा, हे प्रत्येक वितरण आपापल्या परीने ठरवते. वितरण निवडणे म्हणजे हे निर्णय घेणारी माणसे निवडणे होय.

आधी काम पाहावे

घरातील वापर पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार आणि चित्रफिती एवढाच असेल, तर लिनक्स मिंट हा बहुतेकांना मानवणारा पर्याय आहे. २००६ साली सुरू झालेले हे वितरण मुख्यतः उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीवर उभे आहे आणि त्याची मांडणी विंडोजला सरावलेल्या माणसाला परकी वाटत नाही. चार जीबी स्मृती असलेल्या जुन्या यंत्रावर ते चालते. घरातील ज्येष्ठांना रोज नवे काही शिकायला लावू नये, हाही निवडीचा एक निकष आहे.

संस्थेच्या कार्यालयात नवेपणापेक्षा स्थैर्य महत्त्वाचे. तेथे डेबियनची स्थिर आवृत्ती किंवा उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती योग्य ठरते. डेबियनची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीला सुमारे पाच वर्षे सुरक्षा सुधारणा मिळतात. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीलाही पाच वर्षांचा नियमित पाठिंबा असतो. याउलट फेडोराची एक आवृत्ती साधारण तेरा महिने सांभाळली जाते. नवे तंत्र लवकर हाताळू इच्छिणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला फेडोरा उत्तम. पण ज्या कार्यालयात संगणकाची देखभाल आठवड्यातून एकदा येणारा स्वयंसेवक करतो, तेथे ते घेऊ नये. आर्च हे वितरण तर सतत बदलत राहते. प्रणालीचे अंतरंग समजून घेण्यासाठी त्यासारखा गुरू नाही. मात्र पावतीपुस्तकाचा हिशेब त्यावर ठेवू नये.

अगदी जुन्या, ३२ बिटच्या यंत्रांविषयी सावध राहावे. मोठ्या वितरणांनी त्यांचा पाठिंबा एकेक करून काढून घेतला आहे. डेबियननेही ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून त्यांवर नव्याने स्थापना करण्याची सोय बंद केली. लिनक्स म्हणजे कोणत्याही यंत्राला संजीवनी, असा प्रचार करू नये.

काही कामे लिनक्सवर सहजासहजी होत नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. छपाईच्या व्यवसायात रूढ असलेल्या अडोबीच्या आज्ञावल्या लिनक्ससाठी निघत नाहीत. स्क्रायबस, इंकस्केप, गिंप ही मुक्त साधने समर्थ आहेत. पण मुद्रकाला जर विशिष्ट स्वरूपातलीच फाईल हवी असेल, तर आधी त्याच्याशी बोलून घ्यावे. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि सरकारी संकेतस्थळांना लागणाऱ्या सहायक आज्ञावल्या आपल्या निवडलेल्या वितरणावर चालतात का, हेही प्रत्यक्ष तपासावे. आठ संगणकांपैकी सात लिनक्सवर नेऊन हिशेबाचा एक तसाच ठेवला, तर त्यात कमीपणा कसला? सगळे एका दिवसात बदलण्याच्या हट्टापायी चांगले उपक्रम बंद पडतात.

मराठीची परीक्षा

आपल्या दृष्टीने आणखी एक कसोटी आहे आणि ती कोणत्याही परदेशी मार्गदर्शिकेत सापडणार नाही. आपले काम मराठीत चालते. आपल्या अनेक संस्थांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांचे अहवाल, इतिवृत्ते, स्मरणिकांचे मजकूर युनिकोडपूर्व फाँटांमध्ये टंकलेले आहेत. तो फाँट नसलेल्या यंत्रावर त्या फाईली उघडल्या, तर रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. दोष लिनक्सचा नाही. अक्षरांची साठवण विशिष्ट फाँटच्या खासगी सांकेतिकीवर बेतली होती, हे त्याचे कारण. लिनक्सकडे जाताना हा जुना ठेवा युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे, हे पहिले कर्तव्य समजावे. आपलाच मजकूर आपल्याला वाचता येऊ नये, याहून मोठी परवशता कोणती?

टंकनाची अडचण नाही. भारतीय प्रमाणानुसारचा इनस्क्रिप्ट कळफलक आणि उच्चारानुसारी फोनेटिक कळफलक दोन्ही प्रमुख वितरणांत उपलब्ध आहेत. रेड हॅटने पुढाकार घेतलेला ‘लोहित’, मुंबईच्या एक टाईपने घडवलेला ‘मुक्त’ असे मुक्त परवान्याचे देवनागरी फाँटही आहेत. तरी परीक्षा घ्यावीच. ‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’, ‘वाङ्मय’, ‘उद्घाटन’, ‘ज्ञानेश्वरी’ असे शब्द टंकून पाहावेत, छापून पाहावेत. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात की हिंदी वळणाचे, हे पाहावे. अनेक चांगल्या फाँटांत दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी ठरवली की मराठी वळण येते. लिब्रे ऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी ठेवण्याची सवय लावून घ्यावी. भाषेचा अभिमान भाषणापुरता न ठेवता अशा बारीक गोष्टींत दिसावा.

निर्णय कोणाच्या हाती?

आता दुसरा प्रश्न. डेबियनची स्थापना १९९३ साली इयान मर्डॉक यांनी केली. १९९७ साली या प्रकल्पाने ‘सामाजिक करार’ स्वीकारला आणि आपली प्रणाली मुक्तच राहील, दोष लपवले जाणार नाहीत, वापरकर्ते आणि मुक्त आज्ञावली यांच्या हितास अग्रक्रम राहील, अशी लेखी हमी दिली. १९९८ मध्ये त्याने स्वतःची घटना केली. प्रमुखाची निवड दरवर्षी सभासद मतदानाने करतात. या प्रकल्पाच्या मागे मालक नाही. जगभरचे स्वयंसेवक आहेत.

उबुंटू २००४ साली दक्षिण आफ्रिकेचे उद्योजक मार्क शटलवर्थ यांच्या कॅनॉनिकल कंपनीने डेबियनच्या पायावर उभारले. सामान्य माणसाच्या घरी लिनक्स नेण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. एकेकाळी ही कंपनी सीडी घरपोच, विनामूल्य पाठवत असे. आपल्याकडील अनेक महाविद्यालयीन तरुणांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिले ते त्या सीडीवर. पण २०१२ साली याच उबुंटूमध्ये संगणकावर केलेल्या शोधाबरोबर अॅमेझॉनवरील वस्तू दाखवण्याची योजना आली. आपण आपल्याच यंत्रात काय शोधतो, ते बाहेर जाऊ लागले. टीका झाली आणि २०१६ च्या आवृत्तीत ती सोय मुळातच बंद स्वरूपात देण्यात आली. कंपनी वाईट, असा निष्कर्ष यातून काढू नये. कंपनीला उत्पन्न हवे असते, हे मात्र विसरू नये.

याहून बोलके उदाहरण सेंटओएसचे. रेड हॅटच्या सशुल्क प्रणालीची ही विनामूल्य, हुबेहूब आवृत्ती जगभरच्या सर्व्हरवर चालत असे. डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली की, आठव्या आवृत्तीचा २०२९ पर्यंत अपेक्षित असलेला पाठिंबा २०२१ अखेरीसच थांबेल. आठ वर्षांचे नियोजन एका निवेदनाने कोसळले. पण पुढे काय झाले, तेही पाहा. २०२१ मध्येच रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स ही दोन वितरणे उभी राहिली. संहिता खुली होती, म्हणून दुसऱ्यांना ती उचलून पुढे नेता आली. बंद आज्ञावलीच्या बाबतीत असे होऊ शकत नाही. तेथे मालकाने दुकान बंद केले की ग्राहक उघड्यावर पडतो. येथे दुसरा माणूस त्याच जागी नवे दुकान थाटू शकतो.

स्वदेशीचा खरा अर्थ

मग आपले भारतीय वितरणच का वापरू नये, असा प्रश्न साहजिकच येईल. प्रगत संगणन विकास केंद्र, अर्थात सी-डॅक, याच्या चेन्नई येथील चमूने २००७ साली ‘बॉस’ ही कार्यप्रणाली प्रकाशात आणली. भारतीय भाषांचा विचार तिच्या रचनेतच आहे. २०२३ साली संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी ‘माया’ ही प्रणाली स्वीकारत असल्याचे वृत्त आले. केरळमधील शाळांत तर कित्येक वर्षांपासून मुक्त प्रणालीवर शिक्षण चालते आणि राज्याची ‘काईट’ ही संस्था शाळांसाठी वितरण तयार करते. २०१५ साली केंद्र सरकारने शासकीय कामात मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरणही जाहीर केले.

हे सारे अभिमानास्पद आहे. पण बॉस डेबियनवर, तर माया आणि केरळचे वितरण उबुंटूवर आधारलेले आहे, हेही आपल्याला ठाऊक असावे. यात लाजण्यासारखे काही नाही. मुक्त परवान्याचा हेतूच तो आहे. प्रश्न एवढाच की, नाव आणि बोधचिन्ह आपले लावले म्हणजे स्वदेशी झाले काय? माझ्या मते स्वदेशीची कसोटी सामर्थ्याची आहे. दोष निघाला तर आपली माणसे तो दुरुस्त करू शकतात काय? सुरक्षा सुधारणा वेळेवर पोहोचतात काय? बॉस निवडतानाही या प्रश्नांची उत्तरे मागावीत. प्रेमाच्या माणसाकडूनच अधिक अपेक्षा ठेवायची असते.

जुलै २०२५ मधील घटना आठवून पाहा. गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर युरोपीय संघाने निर्बंध घातले. या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा जवळपास निम्मा हिस्सा आहे. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिच्या ई-मेल आणि अन्य सेवा स्थगित केल्या. भारतीय भूमीवर भारतीय कायद्यानुसार चालणाऱ्या कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. हा प्रश्न सेवांचा होता, कार्यप्रणालीचा नव्हता. पण कळ दुसऱ्याच्या हाती असण्याचा अर्थ त्यातून कळतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स कर्नलच्या देखभालकर्त्यांच्या यादीतून काही रशियन विकासकांची नावे निर्बंधांच्या कारणास्तव वगळण्यात आली. मुक्त प्रकल्पही राजकारणापासून पूर्णतः अलिप्त नसतात. फरक असा की, त्या विकासकांच्या देशाकडे असलेली संहिता कोणी काढून घेऊ शकले नाही. पद गेले, विद्या राहिली. राष्ट्रासाठी आणि संस्थेसाठीही हा फरक निर्णायक आहे.

तत्त्व आणि व्यवहार

येथे एक सूक्ष्म प्रश्न उभा राहतो. तत्त्व किती ताणायचे? ट्रिस्क्वेलसारखी काही वितरणे शंभर टक्के मुक्त आज्ञावलीचाच आग्रह धरतात. त्यांची निष्ठा वंदनीय आहे. परंतु आजच्या अनेक संगणकांतील वायफायच्या चिपला निर्मात्याने दिलेली बंद आज्ञावली लागते. ती नसेल तर इंटरनेटच चालत नाही. ज्या कार्यालयात वायफाय चालत नाही, तेथे आठवड्याभरात जुनी विंडोज परत येते आणि तत्त्वही हरते.

डेबियनने हा पेच कसा सोडवला, ते पाहण्यासारखे आहे. कित्येक वर्षे अशी बंद आज्ञावली अधिकृत स्थापना संचाबाहेर ठेवल्यानंतर २०२२ मध्ये सभासदांनी खुली चर्चा करून मतदान घेतले. ती संचात समाविष्ट करावी, पण काय बसवले हे वापरकर्त्याला कळावे आणि नको असेल तर ती बंद करता यावी, असे ठरले. २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून त्याची अंमलबजावणी झाली. तडजोड केली, पण उघडपणे, नियमाने आणि मर्यादा आखून. संस्थाजीवनात काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना यापासून पुष्कळ शिकता येईल.

घेणारे आणि देणारे

शेवटचा मुद्दा कर्तव्याचा. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असणाऱ्या छोट्या आज्ञावलीत चोरदार सापडले. ती सांभाळणारा माणूस वर्षानुवर्षे जवळपास एकटाच, विनावेतन काम करून थकला होता. मदतीच्या निमित्ताने एक अज्ञात व्यक्ती पुढे आली, दोन वर्षांहून अधिक काळ तिने विश्वास संपादन केला आणि मग घात केला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्ध्या सेकंदाचा अधिक वेळ लागतो असे जाणवले. त्याने मूळ शोधले आणि संकट टळले. मूळ संहिता खुली होती म्हणून तो शोधू शकला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते विष पोहोचलेच नव्हते, कारण तेथे नवे काही घाईने घेतले जात नाही. स्थैर्याचा आग्रह मी का धरला, ते आता लक्षात यावे.

पण खरा धडा त्या थकलेल्या माणसाचा आहे. सारे जग ज्याच्या श्रमावर उभे होते, त्याच्या पाठीशी कोणी नव्हते. सेवाकार्यात असे एकाकी कार्यकर्ते आपण पाहिले आहेत. विनामूल्य मिळते म्हणून घेत राहणे आणि परतफेडीचा विचारही न करणे हे आपल्या संस्कारात बसत नाही. परवान्यापोटी वाचलेल्या रकमेचा काही भाग संस्थेने त्या प्रकल्पाला द्यावा. पैसे नसतील तर मराठी भाषांतर तपासावे, फाँटमधला दोष कळवावा, शेजारच्या शाळेला संगणक उभा करून द्यावा.

हे कसे करावे, तेही थोडक्यात सांगतो. सर्व कागदपत्रांची प्रत प्रथम बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती उघडून पाहावी. निवडलेले वितरण पेन ड्राईव्हवर घेऊन, काहीही न बसवता, त्यावरूनच संगणक सुरू करावा. छपाई यंत्र, वायफाय, आवाज, मराठी टंकन, बँकेचे संकेतस्थळ या पाच गोष्टी तपासाव्यात. मग एकाच संगणकावर ते बसवून महिनाभर रोजचे काम करावे. अडचणी वहीत लिहाव्यात. गावात ज्याला त्या वितरणाची माहिती आहे असा एक तरी माणूस असावा. दोन वितरणे तुल्यबळ वाटली, तर शेजारी ज्याचा जाणकार आहे ते घ्यावे. आणि देखभालीची विद्या एकाच्या डोक्यात न ठेवता दोघा-तिघांना द्यावी.

मित्रहो, सर्वोत्तम लिनक्स कोणते, या प्रश्नाला उत्तर नाही. आपल्या कामाला पेलणारे, आपली भाषा नीट लिहिणारे, ज्यांच्या वचनावर विसंबता येईल अशांच्या हाती असलेले आणि वेळ आलीच तर आपल्या माणसांना दुरुस्त करता येईल असे वितरण आपल्यासाठी योग्य. घरातल्या कपाटात धूळ खात पडलेला एखादा संगणक प्रत्येकाकडे असेल. येत्या रविवारी तो बाहेर काढावा, मुलांना शेजारी बसवावे आणि आरंभ करावा. यंत्र वापरणारी पिढी आपण घडवली आहे. यंत्राचे अंतरंग जाणणारी आणि ते इतरांसाठी सांभाळणारी पिढी घडवणे अजून बाकी आहे.